बारा बिस्किटांचा तिसरा हिस्सा

माझा पाय मोडला तो उभ्या गाडीवरून पडून. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या वेळी मी कुणालाच धड सांगितलं नव्हतं. दसऱ्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट. गेवराईत आमच्या घरासमोर मोटारसायकल साईड स्टँडवर लावून मी तिच्यावर बसलो होतो आणि फोनवर बोलत होतो. बायकोने नुकतंच अंगण धुतलेलं. स्टँड ओल्या मातीत हळूहळू रुतत होतं आणि माझं बोलणं लांबत होतं. गाडी डावीकडे कलली, तिच्याबरोबर मीही कललो, आणि आडवा होईपर्यंत फोनवर "हां हां, येतोय ना आवाज" म्हणत राहिलो. नडगीचं हाड मोडलं. मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर आणि सहा आठवडे घरी.

भेटायला येणारे विचारायचे, "कसं काय पडलात?" मी म्हणायचो, "गाडीवरून." हायवे घराजवळच असल्यामुळे पुढचं सगळं लोक आपापल्या मनाने रचायचे. "ट्रकवाले लई माजलेत," असं कुणी म्हणालं की मी नुसता उसासा सोडायचो.

आमच्या गावाकडचे बरेचसे लोक दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. एकदा कोयता घेऊन निघाले की थेट उन्हाळ्यात परततात. त्यामुळे जायच्या आधी भेटून यावं म्हणून सगळे एकदमच आले. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जायचं नसतं आणि आमच्याकडे हात भरायचं साधन एकच, ग्लुकोज बिस्किटाचा पुडा. दोन आठवड्यांत घरात इतके पुडे साचले की बायकोने ते धान्याच्या रिकाम्या डब्यात भरले, मग पिठाच्या डब्यात, आणि शेवटी माझ्या पायाखाली उशीऐवजी पुड्यांचं एक खोकं आलं. डॉक्टरांनी पाय उंच ठेवा म्हणून सांगितलंच होतं.

अशात माझा मेहुणा आष्टीहून आला. बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं तिकडे खताचं दुकान आहे आणि खताच्या दुकानात वर्षातले बरेच महिने मोबाईल बघण्याखेरीज काम नसतं. तो माझी सेवा करायला आला होता. पहिल्या दिवशी त्याने मला पाणी आणून दिलं. दुसऱ्या दिवशी पत्त्यांचा कॅट काढला.

"दाजी, तीन पत्ती विसरा," तो म्हणाला. "पोकर शिकवतो. ह्यात डोकं लागतं."

शिवणयंत्रावरून बायकोचा आवाज आला. ती घरीच ब्लाऊज शिवते आणि तिचं मशीन माझ्या खाटेसमोरच असतं. "पैशाचा खेळ माझ्या घरात न्हाई."

मेहुण्याने इकडे तिकडे बघितलं आणि माझ्या पायाखालच्या खोक्यातून एक पुडा ओढला. "बिस्किटावर खेळू, ताई."

"खेळा. पण खाल्लेलं बिस्कीट परत ताटात ठेवायचं न्हाई."

तिसरा गडी म्हणून शेजारचे चाचा आले. त्यांचा मोंढ्याजवळ फळांचा गाडा आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा गाडा झाकून ते घरी येतात. आधी ते माझ्या तब्येतीची चौकशी करायला म्हणून यायचे. नंतर माझ्या तब्येतीविषयी त्यांनी एक शब्दही विचारला नाही.

खेळ असा. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, फक्त आपल्यालाच दिसणारे. मग मध्ये तीन पत्ते उघडे टाकायचे, ते सगळ्यांचे. ह्या तिघांना मेहुणा फ्लॉप म्हणायचा. पुढे आणखी एक, मग आणखी एक. हातातले दोन आणि मधले पाच मिळून ज्याचा मेळ भारी त्याचं ताट. प्रत्येक टप्प्याला चाल करायची, म्हणजे बिस्किटं ताटात टाकायची. दुसऱ्याने तेवढी टाकायची, वाढवायची किंवा पॅक व्हायचं, म्हणजे पत्ते टाकून द्यायचे. इथपर्यंत मला एका दुपारीत कळलं. अडलं ते पुढे. तीन पत्ते उघडल्यावर चाल किती बिस्किटांची करायची, हे मला शेवटपर्यंत धड जमलं नाही.

माझी पद्धत सरळ होती. पत्ते चांगले आले की आठ बिस्किटं. वाईट आले की एक. मी आठ लावली की दोघेही निमूट पॅक व्हायचे आणि एक लावलं की दोघेही वाढवायचे. चार दिवसांत माझे सहा पुडे गेले. मशीनचं पायडल मारता मारता, वर न बघता बायको म्हणायची, "आज ह्यांना एक्के आलेत वाटतं."

"तुला कसं कळलं?"

"कशाचं कसं? सकाळपासून एकेक बिस्कीट टाकत होते, आता मूठ भरून टाकली."

शिवाय प्लास्टरच्या टोकाला माझा अंगठा उघडा होता आणि चांगले पत्ते आले की तो हलायचा. हे मला ठाऊकच नव्हतं. चाचांनी बरेच दिवस सांगितलं नाही. शेवटी त्यांनाच लाज वाटली असावी, म्हणून सांगितलं. बायकोने माझी माकडटोपी आणून पावलावर चढवली. तेव्हापासून मी पायात टोपी घालून खेळायचो.

मेहुण्याने मग मला शास्त्र शिकवायला घेतलं. त्याच्या मोबाईलमधल्या कुण्या गोऱ्या माणसाने सांगितलं होतं की चाल ताटातल्या मालाच्या हिशोबाने करायची. मधले तीन पत्ते एकमेकांशी काही नातं नसलेले असतील तर तो ड्राय बोर्ड. तिथे ताटाचा तिसरा हिस्सा लावायचा. पत्ते एकाच रंगाचे किंवा लागोपाठचे असतील, म्हणजे पुढे काहीही उगवू शकतं अशातले, तर तो वेट बोर्ड. तिथे तिनातले दोन हिस्से किंवा पूर्ण ताटाएवढं लावायचं.

"ड्राय म्हंजी?" चाचांनी विचारलं.

मी म्हणालो, "कोरडवाहू. आष्टीकडच्या रानासारखं. काही उगवायची भीती नाही, म्हणून राखणीला खर्च कमी. अन् वेट म्हणजे बागायती. तिथे कुंपण दणकट पाहिजे."

मेहुण्याला हे आष्टीचं उदाहरण आवडलं नाही, पण शब्द मात्र घरात रुजले. तीन पत्ते पडले की चाचा वाकून बघायचे आणि म्हणायचे, "बागायत हाय." बायको मशीनवरून विचारायची, "इहीर का बोअर?"

चाचांचं स्वतःचं शास्त्र वेगळं होतं. ते म्हणायचे, "क्या हाय भाऊसाहेब, चांगल्या मालाचा भाव वरडून सांगितला अन् दबलेल्या मालाचा हळू, तर गिऱ्हाईकाला गाड्याकडं न बघता कळतं. मी दोन्हीला एकच भाव सांगतो, एकाच आवाजात." मी शाळेत कारकून आहे, म्हणून ते मला भाऊसाहेब म्हणतात. खरोखर, ते जिंकणार असोत की हरणार, चाल कायम चार बिस्किटांचीच आणि चेहरा गाड्यावरचाच. त्यांच्याकडे काय आहे हे मला एकदाही कळलं नाही.

तिघांत मजा येईना म्हणून मेहुण्याने ताईलाही ओढलं. ती म्हणाली, "दोन ब्लाऊज पडलेत, एकच डाव खेळते." एक डाव खेळली आणि अर्धा पुडा घेऊन मशीनवर गेली. दुसऱ्या दिवशी तिने ब्लाऊज सकाळीच उरकले.

आता तो दिवस सांगतो. रविवार होता, दुपारचे तीन वाजले असतील. आम्ही चौघे माझ्या खाटेभोवती. ताट माझ्या मांडीशेजारी. प्रत्येकाने आधीच तीन-तीन बिस्किटं टाकलेली, म्हणजे बारा. मी माझे दोन पत्ते उचलून पाहिले. चौकटचा राजा आणि किलवरचा राजा. मेहुण्याने मधले तीन टाकले. बदामाचा राजा, किलवरची सत्ती, चौकटची दुर्री.

तीन राजे. असे पत्ते मला आयुष्यात कधी आले नव्हते. टोपीच्या आत अंगठा काय करत होता देव जाणे. मी मन घट्ट करून विचार केला. राजा, सत्ती, दुर्री. तीन रंग, तीन टोकं. एकदम कोरडवाहू. बाराचा तिसरा हिस्सा चार. चार लावायची. हात पुड्याकडे गेला आणि दारातून आवाज आला, "भाऊसाहेब, आहात का?"

आमचे हेडसर. गणिताचे शिक्षक आणि शिस्तीचे कडक. शाळेच्या मैदानात पोरं गोट्या खेळली तरी त्याला जुगार म्हणणारे.

पुढचं सगळं दोन श्वासांत झालं. बायकोने मधल्या तीन पत्त्यांवर एक अस्तर टाकलं आणि आपले पत्ते सुयांच्या डब्यात सारले. चाचांचे कुर्त्याच्या खिशात गेले. मेहुणा आपल्या पत्त्यांवर बसला आणि उरलेला कॅट त्याने उशीखाली ढकलला. मला काही सुचेना. सूज उतरल्याने प्लास्टर मांडीपाशी सैल झालं होतं, तिथे मी माझे दोन्ही राजे खोचले.

सर आत आले. हातात पुडा होता, पण क्रीमचा. हेडमास्तर ते हेडमास्तर. खुर्चीवर बसले, माझ्या पायातल्या टोपीकडे बघितलं आणि म्हणाले, "थंडी वाजते का पायाला?"

"हो सर. हाडातून वाजते."

बायकोने चहा टाकला. बारा बिस्किटांचं ताट मध्ये होतंच, आणि पाहुण्यासमोर बिस्किटांचं ताट असलं तर त्याचा अर्थ जगात एकच होतो. चहा आला तसं सरांनी एक उचललं आणि बुडवलं.

राहिली अकरा.

शाळेतल्या गोष्टी निघाल्या. माझ्या गैरहजेरीत कुठलं रजिस्टर सापडत नाही, कुठली चावी लागत नाही. सर बोलत होते आणि खात होते. मी "होय सर, होय सर" म्हणत होतो आणि मनात भागाकार चालला होता. नवाचा तिसरा हिस्सा तीन. आठाचा तिसरा हिस्सा येत नाही. सहाचा दोन. माझी जन्मातली सगळ्यात मोठी चाल डोळ्यांदेखत चहात विरघळत होती. मेहुण्याचं तोंड तर अगदी बघवत नव्हतं. प्रत्येक बिस्किटागणिक तो सरांच्या हाताबरोबर मान खालीवर करत होता.

त्यात एक राजा आत घसरू लागला. मी मांडी आवळली तर आणखी घसरला. मी बोट घालून चाचपडू लागलो.

"खाज येते ना?" सर आपुलकीने म्हणाले. "माझा पाय मोडला होता तेव्हा मला झोप नसायची. नुसतं बोट पुरत नाही. पट्टी लागते."

"नको सर, बरं आहे."

"लाजताय कशाला?" त्यांनी उठून मशीनवरची लाकडी पट्टी घेतली आणि मी नको नको म्हणत असताना ती प्लास्टरमध्ये घालून, फळ्यावर रेघ मारावी तशी वरखाली करू लागले. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पट्टी बाहेर आली होती आणि सरांच्या हातात चौकटचा राजा होता. दुसरा राजा अजून आतच होता, काठाशी.

सरांनी राजा उलटून पालटून बघितला.

"भाऊसाहेब, हे औषध आहे का?"

बायकोच बोलली. "सर, पैशाचा न्हाई. बिस्किटाचा खेळ हाय." आणि तिने अस्तर उचललं.

सरांनी मधले तीन पत्ते बघितले, मग ताटाकडे बघितलं. "म्हणजे ही बिस्किटं..."

"पॉट हाय, सर," मेहुणा म्हणाला.

"किती होती?"

"बारा."

ताटात पाच होती. सरांचा चेहरा असा उतरला की मला वाईट वाटलं. मला वाटलं होतं जुगारावर भाषण होईल. पण गणिताच्या माणसाला जुगारापेक्षा सात बिस्किटांचा फरक जास्त लागला. "सात खाल्ली मी," ते म्हणाले. "बोलायचं ना. भरून देतो." आणि आपलाच आणलेला पुडा फोडून सात मोजू लागले.

"थांबा सर," चाचा म्हणाले. "ते क्रीमचं हाय. क्रीमच्या एकाला ग्लुकोजची दोन, बाजारभाव."

सरांनी विचार केला आणि मान्य केलं. सात भागिले दोन, साडेतीन. तीन ठेवली. चौथं अर्धं करायला त्यांनी पिरगाळलं तर ते दोन झाकणांसारखं उघडलं आणि सगळी क्रीम एकाच झाकणाला राहिली. आता अर्धं कुठलं, क्रीमवालं की कोरडं, ह्यावर चाचा आणि मेहुण्याची पाच मिनिटं हुज्जत झाली. सरांनी अस्वस्थ होऊन कोरडं झाकण खाऊन टाकलं, तेव्हा ती मिटली.

"चालू द्या," सर म्हणाले. "मी बघतो."

चाल माझ्यापासून होती. माझा एक राजा सगळ्या घराने पाहिलेला, दुसरा फक्त मला माहीत. मी तो काठावरून हळूच काढून मुठीत धरला. शास्त्राप्रमाणे चार लावायची. पण मला वाटलं, चोरी पकडल्यावर माणूस कसा वागेल? खाली मान घालेल आणि उगाच काहीतरी पुढे करेल. मी दोन लावली. ती लावताना चाचांचा गाड्यावरचा आवाज आठवून म्हणालो, "दोन."

मेहुणा हसला. "दाजी, एक राजा तर उघडाच पडला तुमचा." त्याने आपल्यासमोरचा सगळा माल, दोन अख्खे पुडे आणि सुटी अकरा, ताटाकडे सरकवला. "सगळं."

चाचांनी मान हलवली आणि पॅक झाले. बायकोने आपले पत्ते परत एकदा पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिनेही पत्ते टाकले.

"आलो," मी म्हणालो आणि दुसरा राजा खाली ठेवला.

मेहुण्याकडे इस्पिकचा राजा आणि एक्का होता. त्याचं बरोबरच होतं बिचाऱ्याचं. माझ्याकडे एकच राजा असता तर एक्क्यामुळे तो भारी ठरला असता. तो माझ्या तीन राजांकडे बघत बसला. चौथा पत्ता टाकला, तो एक्का. मेहुणा गुडघ्यांवर आला. आणखी एक एक्का आला असता तर मी गेलो होतो. सरांनीही खुर्ची पुढे ओढली. पाचवा पत्ता पंजी निघाली.

"दोन काहून लावली?" मेहुणा विचारू लागला. "बाराचा तिसरा हिस्सा चार होतो. ड्राय बोर्डला तिसरा हिस्सा, दाजी. हे बरोबर न्हाई."

"नियमात बसतं का?" सरांनी विचारलं.

"बसतं, पण शास्त्रात बसत न्हाई."

बायको ताटाखालचे चुरे गोळा करत होती. तिने आपले टाकलेले पत्ते उलटून दाखवले. दोन सत्त्या. मधली धरून तीन.

मेहुण्याने कपाळाला हात लावला. "ताई, तीन सत्त्या टाकल्यास?"

"एकच राजा असता तर ह्यांनी घाबरून आठ लावली असती," ती म्हणाली. "दोन लावली म्हंजी ह्यांना काळजी न्हाई. ह्यांना कधी काळजी नसती? पगाराच्या दिवशी. तसलं तोंड होतं."

सर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसले. पुढच्या रविवारी पुडा घेऊन परत आले, ह्या वेळी ग्लुकोजचा. त्यांना मेहुण्याचं तिसऱ्या हिश्श्याचं गणित फार पटलं होतं आणि ते त्यात एक कणही मागेपुढे होऊ देत नसत. ताटात दहा असली तर ते तीन अख्खी ठेवून चौथ्याचे तीन तुकडे करायचे. त्यासाठी मशीनच्या ड्रॉवरमधलं ब्लेड मागून घ्यायचे. आमच्या घरात इतक्या मुंग्या झाल्या की खाटेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्या लागल्या. बायको मात्र कधी मोजायची नाही. मूठ भरून टाकायची. मुठीत कधी तीन यायची कधी नऊ, आणि कुठली मूठ खरी आणि कुठली थापेची हे आम्हा चार पुरुषांना शेवटपर्यंत उमगलं नाही. सर तिच्यापुढे पद्धतशीरपणे हरायचे.

दिवाळी सरली, गावाकडचे लोक कारखान्याला गेले, आणि भेटायला येणारं कुणी उरलं नाही. प्लास्टर निघालं. आतला पाय असा बारीक झाला होता की बायको म्हणाली, हा तुमचा न्हाईच. मेहुण्याच्या बायकोचा फोन आला की रब्बीचं गिऱ्हाईक परत चाललंय, तसा तो आष्टीला पळाला. उरलेले पुडे आम्ही चहाबरोबर संपवले. मी कामावर गेलो, तेव्हा सरांनी सगळ्यांसमोर माझी चौकशी केली आणि बिस्किटांविषयी अवाक्षर काढलं नाही.

मग एका रविवारी चाचांनी डझनभर केळी आणली. म्हणाले, ह्यावर खेळू. पण केळ्याचा तिसरा हिस्सा करायला सरांनी ब्लेड लावलं की सालीसकट गिचका व्हायचा, आणि पिकलेल्या केळ्याला कच्च्याचा भाव द्यायला चाचा तयार नव्हते. आम्ही केळी खाल्ली आणि गप्पा मारल्या.

आता अधूनमधून चिंचोक्यांवर खेळतो. पैशाचं नाही आणि मुंग्याही नाहीत. मी अजून चांगले पत्ते आले की जास्तच लावतो. सर म्हणतात चिंचोक्यात हिशोब चोख राहतो, पण चहाबरोबर काहीतरी पाहिजे होतं.